साडूभाऊंची रखवाली

जगावर विश्वास न ठेवणारी माणसं पुष्कळ असतात, पण स्वतःवर काडीचाही विश्वास न ठेवता इतक्या समाधानाने जगणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मुलुंडच्या घराला कुलूप लावल्यावर साडूभाऊ ते सात वेळा ओढून पाहतात. एवढं पुष्कळजण करतात. साडूभाऊ त्यानंतर शेजाऱ्यांना बोलावून आठव्यांदा ओढायला लावतात, कारण "ज्याने कुलूप लावलं त्यानेच तपासलं, तर त्या तपासण्याला अर्थ काय?" लग्नात अंतरपाटासमोर उभे असताना त्यांनी भटजींना हळूच "मुलगी तीच आहे ना?" असं विचारलं, अशी वदंता आमच्या सासुरवाडीत आहे. ते ही गोष्ट नाकारत नाहीत. भटजींनी नीट उत्तर दिलं नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे.

अशा माणसाला देवाने कामही शोभेसं दिलं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात एक छोटी कंपनी रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायचे मॉनिटर बनवते, नाडीचे ठोके वगैरे दाखवणारे. त्यातल्या ‘कर्नल’ची, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना मेमरी वाटून देणाऱ्या मुळातल्या प्रोग्रामची, जबाबदारी साडूभाऊंकडे आहे. एखादा प्रोग्राम मेमरी उचलतो आणि परत करायला विसरतो. असं होता होता मेमरी संपते आणि यंत्र थिजतं. तो विसराळू सापडावा म्हणून साडूभाऊंनी मेमरीच्या प्रत्येक तुकड्यासोबत, तो कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून उचलला, याची साद्यंत हकीकत लिहून ठेवायची सोय केली. ही हकीकत लिहायलाही मेमरीच लागते. ती इतकी लागली की रखवालदारांनीच घर भरलं आणि घरमालकाला पाय ठेवायला जागा उरली नाही.

"काका, हे चेकिंग काढून टाका ना यार," त्यांचा साहेब म्हणाला. साहेब वयाने त्यांच्या निम्मा. "मशीनमध्ये जागा नाय. शनिवारपर्यंत छोटं करा, नाहीतर ते बंद करून माल पाठवू."

पण घाटकोपरच्या एका नर्सिंग होममधून तक्रार आली होती. दहा-बारा दिवसांनी कधीतरी पडद्यावरचा आकडा आहे तिथेच थिजायचा. बहात्तर तर बहात्तर. "म्हणजे पेशंट गेला तरी बहात्तरच," साडूभाऊ मला म्हणाले, "आणि चूक शोधायचं साधनच काढा म्हणतात." त्या आठवड्यात त्यांनी कुलूप फक्त दोनदा ओढलं, त्यावरून ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

उपाय ताईच्याच स्वयंपाकघरात निघाला. घरातल्या डब्यांवरही साडूभाऊंचा पहारा होता: कोणी आणि कशासाठी काढलं याची चिठ्ठी त्याच डब्यात टाकायची. "भावोजी, डाळ संपली तरी डबा भरलेलाच दिसतो," ताई मला म्हणायची. त्या गुरुवारी वैतागून तिने तूरडाळीचा डबा त्यांच्यासमोर पालथा केला. साडूभाऊ शांतपणे चिठ्ठ्या वाचत बसले. शंभरेक चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता, ‘मी, संध्याकाळच्या आमटीसाठी’. ते ताडकन उठले. हकीकत एकदाच एका कागदावर लिहायची, तिला नंबर द्यायचा आणि डब्यात नुसता नंबर टाकायचा. शुक्रवारी हेच त्यांनी कर्नलमध्ये केलं आणि रखवालीला लागणारी जागा चिमूटभर झाली. त्याबद्दल त्यांनी ताईचे आभार मानले नाहीत, पण आमटी दोनदा मागून घेतली.

मॉनिटर चेकिंगसकट नर्सिंग होममध्ये गेला. अकराव्या दिवशी तो थिजला. सुदैवाने नर्सचं लक्ष होतं. गाळ्यात परत आणून उघडल्यावर आत विसराळूचा नंबर सापडला. साडूभाऊंनी तो यादीशी ताडून पाहिला, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ताडायला लावला. तो प्रोग्राम नऊ वर्षांपूर्वी साडूभाऊंनीच लिहिला होता. गुपचूप दुरुस्त केला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. ते सरळ साहेबाकडे गेले आणि म्हणाले, "सापडला. मीच आहे."

"झकास," साहेब म्हणाला. "मग आता ते चेकिंग काढू या."

"आता तर नकोच," साडूभाऊ म्हणाले. "मी अजून इथेच कामाला आहे."

चेकिंग राहिलं.

यंदा माझ्या आईला न्यूमोनिया झाला आणि तिला त्याच नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. साडूभाऊ भेटायला आले, खाटेशेजारचा मॉनिटर त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"आता दुरुस्त झालंय ना?" मी विचारलं.

"झालंय रे," ते म्हणाले, "पण मीच केलंय."

मग त्यांनी स्टूल ओढलं, आईचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडायला लागले. चार दिवस रजा टाकून ते दुपार ते संध्याकाळ हेच करत बसले. आकडा एकदाही चुकला नाही, आणि त्यामुळे त्यांचा संशय वाढतच गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून ऑफिसचे फोन घेत होतो आणि मधूनमधून बायकोला ही गंमत कळवत होतो.

घरी सोडलं त्या दिवशी मी आईलाही हसत हसत विचारलं, "कंटाळलीस ना गं त्यांना?"

"यंत्राचं मला काय कळतंय," आई म्हणाली. "पण तुझे बाबा गेल्यापासून एवढा वेळ माझा हात कोणी धरला नव्हता."

मी फार ओशाळलो. तिच्या चपला शोधायला म्हणून मी खाटेखाली वाकलो आणि थोडा वेळ तसाच राहिलो.