दुसरा गोल

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सावकाश दर गुरुवारी दुपारी टेलिफोनबाईंच्या घरी जातो, तो आत गेला की दार लागतं, आणि अर्ध्या तासाने उघडतं तेव्हा बाईंचे डोळे लाल असतात, ही बातमी आमच्या गल्लीत आणली समोरच्या शिंपिणीने. तिच्या मशीनसमोर खिडकी आणि खिडकीसमोर बाईंचा जिना. शिवणाऱ्या बाईची नजर सुईवर असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्याकडे कधी कपडे टाकलेले नाहीत. "मी कशाला कुणाचं बोलू," असं म्हणून ती बोलायला बसली की एक बाही लांब आणि एक आखूड झालीच म्हणून समजा.

अठ्ठावन्न वर्षांचा बिनलग्नाचा पुरुष, त्रेसष्ट वर्षांची विधवा आणि मध्ये बंद दार. गल्लीला आणखी काय हवं? आम्हीही तोंडी लावायला थोडं थोडं घेतलंच. त्याच्या शर्टाला हल्ली इस्त्री असते, ही भर कुणी घातली ते मी सांगणार नाही.

सावकाश हे अर्थात त्याचं नाव नव्हे. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टेपरेकॉर्डर, मग कॉम्प्युटर. वस्तू बदलत गेल्या, पण "कधी मिळेल?" याचं उत्तर चाळीस वर्षं तेच राहिलं, "सावकाश." दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाने पोट आत घ्यायचं. काउंटरवर हिरवं रबरी कापड आणि त्यावर एक बशी. लॅपटॉप उघडला की निघालेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बशीच्या कडेने मांडायचे. कुणी बशीला धक्का लावला तर तो दिवसभर बोलायचा नाही. वरच्या मजल्यावर त्याची धाकटी बहीण तिच्या संसारासह राहायची. ती जिन्यातून हाक मारायची, "दादा, जेवायला येतोस, की तेही सावकाश?"

त्याची एक वहीसुद्धा होती. लॅपटॉप पुसून नव्याने सगळं भरायचं झालं, तर आधी काय काय वाचवायचं ते गिऱ्हाइकाला विचारून तो वहीत लिहायचा. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "आणखी?" गिऱ्हाईक म्हणायचं, बस. तो पुन्हा विचारायचा, "आणखी?" असं तीनदा. लोक वैतागायचे. एक वकील म्हणाले, "अहो, कोर्टात मी कुणाला इतकं छळत नाही." पण तिसऱ्या 'आणखी'ला त्याच वकिलांना मुलीच्या लग्नाचे फोटो आठवले. त्यानंतर ते गप्प बसून उत्तरं द्यायचे.

आता टेलिफोनबाई. टेलिफोनच्या कचेरीत एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून देत होत्या. आवाज असा, की राँग नंबर लागला तरी माणूस फोन ठेवायचा नाही. त्यांचे यजमान छापखान्यात प्रूफं तपासायचे, म्हणून आम्ही त्यांना प्रूफवाले म्हणायचो. दुसऱ्याच्या चुका काढण्यात सगळा जन्म गेला. दुकानांच्या पाट्या वाचत चालायचे आणि आत जाऊन मालकाला ऱ्हस्व-दीर्घ सांगून यायचे. स्वतःची चूक मात्र कधीच नाही. बाई म्हणायच्या, "चौतीस वर्षांत 'चुकलो' हा शब्द यांच्या तोंडून ऐकला नाही. एकदा लग्नाचा वाढदिवस विसरले, तर म्हणाले, कॅलेंडर चुकीचं छापलंय."

शेवटचं सव्वा वर्ष प्रूफवाले आजारी होते. रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉप मांडीवर घ्यायचे, पडदा भिंतीकडे वळवायचे आणि दोन बोटांनी काहीतरी लिहीत बसायचे.

"काय चाललंय एवढं?" बाई विचारायच्या.

"तपासून झालं की देतो वाचायला."

तपासून व्हायच्या आत त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे बाईंनी पासवर्ड विचारला. ते म्हणाले, "तुला येईल तो. सोपा आहे." चौथ्या दिवशी गेले.

लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर दोन गोल यायचे. एकात बाईंचा फोटो, दुसऱ्यात प्रूफवाल्यांचा. बाई आपल्या गोलातून आत जायच्या, बहिणीला पत्रं लिहायच्या, फोटो बघायच्या. पण त्याआधी, सकाळचा चहा झाला की, यांच्या गोलात एक शब्द टाकून बघायच्या. लग्नाची तारीख झाली, सासूबाईंचं नाव झालं, छापखान्याचं नाव झालं, स्वतःचं नाव तर सगळ्यात आधी झालं. दिवसाला एकच. दोन टाकले तर उद्या काय बोलायचं, असं त्यांना वाटायचं. चौदा महिने हे चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. शिंपिणीलाही नाही, म्हणजे बघा.

मग एका सकाळी लॅपटॉप निळा पडला. सुरू व्हायचा, चाक फिरवायचा, निळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. बाई तो उराशी धरून दुकानात आल्या.

"याच्याबरोबर काही सीडीच्या चकत्या आल्या होत्या का? खोक्यात?" सावकाशने विचारलं.

"खोक्यात पिशवी होती आणि वॉरंटीचं कार्ड. चकती कसली?"

चकत्या नव्हत्याच. पूर्वी कंपन्या द्यायच्या. मग म्हणायला लागल्या, पहिल्याच दिवशी तुमच्या तुम्ही बनवून ठेवा. पहिल्या दिवशी कोण बनवतं? पहिल्या दिवशी माणूस शेजाऱ्यांना नवा लॅपटॉप दाखवतो. चकतीच्या बदली डिस्कच्या एका कोपऱ्यात कंपनी थोडा माल लपवून ठेवते, त्यातून सगळं पुन्हा उभं करता येतं. सावकाशने ते करून पाहिलं, तर तो कोपराही सडलेला.

"म्हणजे दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्ह बनवायचा, सगळं पुसायचं आणि नव्याने भरायचं," तो म्हणाला.

"कधी मिळेल?"

"सावकाश."

"अहो, सावकाश म्हणजे कधी? माझं वय बघून तरी बोला."

दुकानात आणखी दोघं होते, ते हसले. सावकाश कानापर्यंत लाल झाला. आणि चाळीस वर्षांत जे कधी बोलला नव्हता ते बोलून गेला, "संध्याकाळी न्या." वर जिन्यात बहिणीच्या हातातली बादली थांबली. "दादा, बरा आहेस ना?"

बाईंना घाई का होती, ते आता तुम्हाला कळलं असेल. उद्याच्या सकाळचा शब्द चुकवायचा नव्हता. त्याला घाई का झाली, ते त्याचं त्याने कधी सांगितलं नाही. इस्त्रीचा शर्ट त्या दिवशी अंगात नव्हता, एवढं मी बघितलेलं आहे.

त्याने वही काढली. बाई म्हणाल्या, "माझे फोटो आणि बहिणीची पत्रं."

"आणखी?"

"बस, एवढंच."

दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

लॅपटॉप उघडला, डिस्क काढली, आपल्या मशीनला जोडली. बाईंच्या नावाचं कपाट, म्हणजे फोल्डर, दिसलं, त्यातलं सगळं उतरवून घेतलं. शेजारी आणखी एक कपाट होतं, ते उघडून बघितलं नाही. डिस्क जागेवर बसवली, पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्न आला, हे सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, पुसू का? त्याने हो म्हटलं. हा प्रश्न त्याने हजार वेळा बघितला असेल.

संध्याकाळी बाई आल्या. त्याने लॅपटॉप त्यांच्यासमोर फिरवला. नवाकोरा पडदा, मधोमध एक गोल.

"एकच?" बाई म्हणाल्या.

"एकच काय?"

"इथे दोन असतात. एक माझा, एक यांचा."

बाईंनी पडद्याच्या दोन्ही कडा बघितल्या, खाली बघितलं, एखादी वस्तू पलंगाखाली गेल्यासारखं.

"आत असेल कुठेतरी. नाही का?"

"बघतो," तो म्हणाला.

त्याला माहीत होतं. तरी त्याने दुकानावर 'बंद'ची पाटी लावली आणि पाच आठवडे त्या एका डिस्कला चिकटून बसला. बहीण ताट ठेवून जायची आणि तसंच उचलून न्यायची. पुसलेल्या डिस्कवरून जुनं खरवडून काढायची साधनं असतात, ती सगळी त्याने लावली. हाताला लागल्या तीनशे एक्क्याण्णव फाइली. नावं शाबूत होती. प्रत्येकीचं नाव म्हणजे एक तारीख, शेवटची प्रूफवाले दवाखान्यात गेले त्या दिवसाची. आत मात्र नव्या मालाने सगळं चिरडलेलं. कुठलीही उघडली की नुसते चौकोन, पानामागून पान, चौकोन.

तो गुरुवार होता, एरवीही दुकानाच्या सुट्टीचा. यादी कागदावर घेऊन तो बाईंच्या घरी गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, हेही सांगितलं.

बाईंनी चष्मा लावला. तारखांपुढे फाइल केवढी ते लिहिलेलं होतं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही सगळ्यात मोठी?"

"हो. बाकीच्यांच्या चौपट आहे."

"त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी दिवसभर बोलले नव्हते." बाई हसल्या. "काय काय लिहिलं असेल मेल्याने माझ्याबद्दल." मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काढता आला असता हो, पासवर्ड?"

नाही म्हणाला असता तर कुणाला कळलं असतं? पण तो म्हणाला, "पासवर्डची गरजच नव्हती. डिस्क बाहेर काढली की कपाट उघडंच असतं. दहा मिनिटांचं काम."

"मी कुणाला सांगितलंच नाही," बाई म्हणाल्या. "तुला येईल म्हणाले होते. दुसऱ्याकडून उघडून घेतलं असतं तर यांनी आयुष्यभर ऐकवलं असतं." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या कागदाची घडी घालत बसल्या.

सावकाश उठला तेव्हा त्या म्हणाल्या, "एक करा. तो दुसरा गोल परत करून द्या."

"बाई, आत काही नसेल."

"माहीत आहे मला. फोटो लावा यांचा. पासवर्ड घाला. आणि मला सांगू नका."

त्याने तसं करून दिलं. पासवर्ड म्हणून काय घालावं, सुचेना. शेवटी जे मनात होतं तेच घातलं.

पुढचे आठ दिवस बाईंनी आठ शब्द टाकले. नवव्या दिवशी सकाळी त्या चहा पिता पिता फोटोतल्या नवऱ्याला म्हणाल्या, "आज 'चुकलो' म्हणून बघा बरं एकदा." थट्टाच. टाकला शब्द आणि गोल उघडला.

त्या खुर्चीतून उठल्या. त्यांनी मला पुढे सांगितलं, की तेवढ्या एका क्षणात त्यांनी यांना सगळं माफ करून टाकलं होतं, छापलेल्या कॅलेंडरसकट. मग पडदा पूर्ण आला. निळा, स्वच्छ, कोपऱ्यात कचऱ्याच्या टोपलीचं चित्र, आणि टोपलीही रिकामी. तो शब्द कुणाचा होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यांनी सावकाशला फोन केला. एकतीस वर्षं फोनवर काढलेली बाई, पण फोनवर बोलता येईना. तो चप्पल न घालता गल्लीतून धावत गेला. त्याला धावताना बघून शिंपिणीने मशीन थांबवलं. बाकीचं गल्लीने बनवलं, आणि त्यात आम्ही होतो.

बाईंना वर्ष होईल आता जाऊन. लॅपटॉप सावकाशच्या दुकानात वरच्या फळीवर आहे. तो कुणाला हात लावू देत नाही आणि स्वतःही उघडत नाही. शिंपीण अजून म्हणते, काहीतरी होतंच.

होतं ते एवढंच. बाईंचा रोजचा शब्द त्या दिवसानंतरही चालू राहिला, आणि तो दुसरा गोल पुन्हा कधी उघडू नये असं दोघांचं ठरलं. म्हणून तो दर गुरुवारी जाऊन पासवर्ड बदलायचा. एकदा बदलून भागलं असतं, पण तसं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. अर्थ नसलेली अक्षरं आणि आकडे घालायचा, कुणालाही न सुचणारे. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते दिसू नयेत म्हणून बाहेरचं दार लावलेलं असायचं, आणि बाई तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसायच्या. बदलायला दोन मिनिटं लागायची. बाईंना बाहेर यायला अर्धा तास लागायचा.