ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा तपास

ती घटना आठवली की आजही आधी जळक्या तेलाचा वास येतो. साठच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं आणि मी तिथल्या तालुका ठाण्यात फौजदार होतो. तापीकाठी नुकती वीज आली होती, विहिरींवर मोटारी बसल्या होत्या. ऐन उन्हाळ्यात एका केळीच्या मळ्यातला ट्रान्सफॉर्मर धडामकन फुटला आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी बंद पडल्या. उन्हाळ्यात केळीचं पाणी तुटलं तर वर्षाची मेहनत मातीत जाते. लोक पिसाळलेच.

मळ्याचे मालक सकाळीच ठाण्यात आले. वयस्कर, सरळमार्गी माणूस, सगळे त्यांना नाना म्हणत. पण त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाले, "साहेब, त्या वायरमननी तेल इकी टाकं नि आत भुईमुगनं तेल भरी दिधं! मांगला हप्तामा त्यानीच तेल भरं व्हतं."

खबर खरी वाटण्यासारखी होती. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत खास तेल असतं, ते वीज अडवून धरतं. हे तेल सांधेदुखीवर रामबाण, असा आमच्याकडे लोकांचा पक्का समज. त्यामुळे ते चोरून विकलंही जायचं. वायरमन जवळच्याच कोरीट गावचा, तरुण, नोकरी अजून कायम व्हायची होती. झडती घेतली तर घराच्या कोनाड्यात त्याच तेलाची बाटली! पंचनामा केला, बाटली मुद्देमालात जमा केली आणि त्याला जीपमध्ये बसवलं. त्याची म्हातारी आई लंगडत मागोमाग आली आणि ठाण्यासमोर लिंबाखाली बसून राहिली.

"साहेब, बाटलीभर तेल लिधं ते खरं शे," वायरमन म्हणाला. "तपासाले काढेल, फेकानं तेल व्हतं. मन्ही मायना गुडघा दुखतस. पन टाकीमा दुसरं तेल नही टाकं मी."

आमचे जमादार बाह्या सारत पुढे आले. "हा असा नाही बोलायचा साहेब. माझ्याकडे द्या."

"थांबा हो जरा!" मी म्हटलं. चोरटा माणूस बाटली उघड्या कोनाड्यात ठेवत नाही. आणि तो अर्धं कबूल करत नाही, सगळंच नाकारतो. पण नुसतं मनाला खटकतं म्हणून कोणाला सोडता येत नाही. अटक दाखवली की त्याची नोकरी गेलीच, वर गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्या म्हातारीकडे बघवत नव्हतं.

शेवटी धुळ्याहून वीज खात्याचे इंजिनिअर एक यंत्र घेऊन आले. टाकीत उरलेलं तेल त्यांनी ठाण्यात आणवून भांड्यात घेतलं. दिसायला अगदी स्वच्छ. त्यात दोन धातूच्या पट्ट्या बुडवून यंत्राची मूठ फिरवली, तर तेलातून वीज गळत असल्याचं काट्याने दाखवलं.

"बघा, भेसळ!" जमादार खूश झाले.

इंजिनिअरांनी स्टोव्ह पेटवला. तेच तेल त्यांनी बराच वेळ तापवलं, झाकून निवू दिलं आणि पुन्हा मूठ फिरवली. आता तेलाने वीज अडवली!

"भुईमुगाचं तेल तापवून उडून जाईल का?" ते म्हणाले. "गेलं ते पाणी. मीठ पाण्यात विरघळलं की दिसत नाही, तसं थोडं पाणी या तेलात विरघळतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्यानेही विजेला वाट मिळते."

"मग पाणी घातलं कोणी?" जमादारांनी विचारलं.

आम्ही मळ्यात गेलो. ज्यातून वायरमनने मागच्या हप्त्यात टाकीत तेल भरलं, ते वीज खात्याचं पिंप बांधावर उभं होतं आणि त्यावर नानांनी वाटसरूंसाठी माठ ठेवला होता, ओलं पोतं गुंडाळून. फुटलेला ट्रान्सफॉर्मर बघायला आलो त्या दिवशी मीही त्यातलंच पाणी प्यायलो होतो! पोत्यातून झिरपलेलं पाणी पिंपाच्या बुचाभोवती साचलं होतं. उन्हाने तेल फुगे, गारव्याने आक्रसे आणि सैल बुचातून पाणी थोडं थोडं आत ओढलं जाई. पिंपातलं तेल तपासलं, त्याचीही तीच गत.

नाना माठाकडे बघत म्हणाले, "अरे देवा! पुन्न कराले गऊ, नि पोऱ्यावर चोरीना आळ लिधा!"

माझा जीव भांड्यात पडला. बाटलीतलं तेल फेकायचंच होतं, हे इंजिनिअरांनीही सांगितलं. गुन्हा घडलेलाच नाही, असा अहवाल मी धाडला आणि वायरमनला सोडलं. नाना ठाण्यात येऊन म्हातारीपुढे हात जोडून उभे राहिले. माठ आजच फोडतो म्हणाले.

"नाना, माठ फोडू नका," वायरमन म्हणाला. "लोकेसले पानी कोन पाजी? झाडखाल ठेवा."

म्हातारी लेकाचा हात धरून हसत-रडत फाटकाबाहेर पडली. जमादारांनीही हळूच डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

नुकसान झालं की कोणीतरी ते केलंच असणार, ही आम्हा पोलिसांची खोड. लोकांचीही तीच. पुढे बरेच गुन्हेगार पकडले, शाबासक्याही मिळाल्या. पण तपास पुरा झाला आणि आरोपीच सापडला नाही, याचा आनंद मला साऱ्या नोकरीत त्या एकदाच झाला.