अकरा वाजता सगळ्यांनी फोन लावा

अन्याय झाला तो वरच्या मजल्यावरच्या काकूंवर. गेल्या जूनमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा ते अकरा चाळीस. केला मी.

आमच्या बंगाली-हिंदी बोलणाऱ्या गल्लीत वीज सारखी जायची आणि तक्रारीचं कोणी ऐकायचं नाही. म्हणून मी पत्रक काढलं, बंगालीत आणि हिंदीत: 'मंगळवारी अकरा वाजता सगळ्यांनी वीज कार्यालयाला फोन लावा. उचलेपर्यंत लावत राहा.' गल्लीत घरोघरी वाटलं.

काकूंचे यजमान, आमचे काका, गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयातून निवृत्त झालेले, तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमधले. पत्रक वाचून म्हणाले, "लीडरबाई, बंगाली झकास लिहिलंयस. बाकी सगळं चुकलंय. तिथे लाइनी असतील पाच-सहा. एकदम घुसलात तर कोणाचाच लागणार नाही. घर नंबरप्रमाणे वेळा वाटून दे. आम्ही तर एक लाइन कायम मोकळी ठेवायचो, अपघातासाठी."

"काका, जॅमच तर करायचंय!"

मागून मी मैत्रिणींत त्यांची 'सरकारी माणूस' म्हणून टिंगलही केली.

मंगळवारी माझ्या घरात वीज होती. मी फोन लावत होते. दर वेळी लाइन बिझी लागली की मला जिंकल्यासारखं वाटायचं. शेवटी ही बढाई मारायलाच वर गेले.

वरच्या मजल्याची फेज वेगळी, ती पावणेअकरालाच गेली होती. काकूंचं ऑक्सिजन मशीन बंद, छोटा सिलिंडर संपत आलेला, ओठ निळसर. अ‍ॅम्ब्युलन्स कुठेतरी अडकलेली. काका एका हाताने मास्क धरून होते, दुसऱ्या हाताने वीज कार्यालयाचा नंबर फिरवत होते.

खुर्चीत बसवून काकूंना खाली आणलं, टॅक्सीत घातलं. त्या वाचल्या. पण आता दोन शब्दांनंतर थांबतात, श्वास घेतात, मग तिसरा.

टॅक्सीत काकांनी एवढंच विचारलं, "कितीजण लावत होते गं?"

"शंभर तरी."

"मग बरोबर," ते म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गल्लीने माझं कौतुक केलं, 'लाइन ठप्प केलीस!' आणि मी ते ऐकून घेतलं. काकूंचं कोणालाच सांगितलं नाही, आज इथे पहिल्यांदा सांगतेय.

त्या पत्रकाचा फोटो अजून फिरतोय, लोक त्यात नवे वार घालतात. तुमच्या फोनवर आला तर पुढे पाठवू नका. पुसा. आणि पाठवणाऱ्याला विचारा: मोकळी लाइन कुठली ठेवलीयस?