दारातला माणूस

अंधेरीच्या ज्या स्टुडिओसाठी मी डबिंगचे संवाद लिहिते, तिथे एकदा अंतराळप्रवासाचा एक जुना, नावाजलेला इंग्रजी सिनेमा मराठी करायला आला. तोवर मी पोलीस लिहिले होते, राक्षस लिहिले होते, बोलणारी अस्वलंही लिहिली होती. यानातली माणसं बोलून बोलून किती बोलणार, म्हणून मी आनंदाने हो म्हटलं. खरंच फार कमी बोलतात ती. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो, नाहीतर काहीच नाही. मुलुंडला घरी बसून मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा थोडंफार कळल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा तेही गेलं.

गोष्ट तशी साधी आहे. एक माणूस यानातून फार लांब जातो. त्याच्या हिशेबाने थोडेच दिवस जातात, पण इथे पृथ्वीवर अख्खं आयुष्य उलटतं. परत येतो तेव्हा तो गेला तसाच तरणा आहे आणि मागे राहिलेली बायको म्हातारी झाली आहे. तो दार वाजवतो. ती उघडते, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहते, मग म्हणते, दमला असशील, आत ये. तिथेच सिनेमा संपतो. तिने त्याला ओळखलं का, हे कुणी सांगत नाही.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे त्यांचं भागून गेलं. मी मात्र तिथे अडकले. आधीच्या प्रसंगांत ती नवऱ्याला अरे-तुरे करते असं मी लिहिलं होतं. जोडपं आजच्यासारखं वाटत होतं आणि ओठांनाही ते बसत होतं. आता शेवटी ‘ये’ लिहिलं तर तिने ओळखलं. ‘या’ लिहिलं तर दारात कुणी परका उभा आहे. मी ‘या’ लिहिलं, खोडलं, ‘ये’ लिहिलं. सुपरवायझरला फोन केला. तो भला माणूस, पण कायम घाईत. क्लायंटला असल्या गोष्टींचं काही पडलेलं नसतं, ओठ जुळले की झालं, असं सांगून त्याने फोन ठेवला. मी ‘ये’ ठेवलं.

म्हाताऱ्या बायकोचा आवाज द्यायला बोरिवलीहून एक बाई यायच्या. आयुष्य नाटकात गेलेलं, सगळे त्यांना ताई म्हणायचे. बाकीचे संवाद त्यांनी झपाझप उरकले आणि शेवटच्या वाक्याशी येऊन हेडफोन काढून ठेवला.

“ही बाई त्याला ओळखते का गं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “‘ये’ लिहिलंय ना ताई, म्हणजे ओळखते.”

“अगं, माझ्या वयाच्या बाईच्या दारात पंचविशीतला पोरगा उभा राहिला तर ती त्याला ‘या’ म्हणेल का? ओळखीचा नसला तरी ‘ये बाळा’च म्हणेल.”

म्हणजे ‘ये’ लिहूनही काही ठरत नव्हतं. रेकॉर्डिस्टचं तर म्हणणं पडलं की तो माणूस मधेच कधीतरी यानात मेला आहे आणि पुढचं सगळं त्याला दिसणारं स्वप्न आहे. सुपरवायझर घड्याळ बघत होता. शेवटी ते एक वाक्य दुसऱ्या दिवसावर ठेवून आम्ही उठलो. रिक्षात बसल्यावर मला कळेना, की मी इतकी कासावीस का झाले आहे. माझा ना तो नवरा, ना ते यान.

घरी न जाता मी भांडुपला आईकडे गेले. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. बाबा मालवाहू बोटींवर इंजिनात कामाला होते, वर्षातले बरेच महिने बाहेरच. आई ओट्यापाशी कोलंबी साफ करत होती. काय चाललंय म्हणाली, म्हणून मी तिला सिनेमाची गोष्ट सांगितली. यान, काळ, सगळं जमेल तसं. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “माझ्याकडून पण झालंय तसं.”

मी लहान होते तेव्हाचं ती सांगत होती. बाबांची बोट कुठल्याशा बंदरात अडकून पडली होती आणि बरेच महिने काही खबर नव्हती. एका दुपारी दार वाजलं. दारात एक माणूस, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, अंगात ढगळ शर्ट. बाबांकडे कुणीतरी काम घेऊन आलंय असं आईला वाटलं.

“मी म्हटलं, ते बोटीवर आहेत, नंतर या.”

“मग?”

“‘बरं’ म्हणाले नि जिना उतरायला लागले.”

मला हसू आलं. आई हसली नाही. मी विचारलं, बाबा काही बोलले का नाहीत? मी आलोय, एवढं तरी?

“माका काय म्हायत? मी कधी विचारलंच नाही. तेही कधी त्यावर बोलले नाहीत.”

ते उतरताना पाठीवरून तिने त्यांना ओळखलं. एक हात भिंतीला लावत उतरायची त्यांची सवय होती. मी विचारलं, मग तू काय म्हणून हाक मारलीस? तिने हातातली कोलंबी ओट्यावर ठेवली.

“हाक कसली. म्हटलं, दमायला झालं असेल. जेवायचं ना?”

आईने बाबांना जन्मात कधी हाक मारली नाही. नावाने नाहीच, ‘अहो’सुद्धा नाही. यायचं झालं का, जेवायचं ना, बरं वाटत नाही का, असंच तिचं बोलणं. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. मला मात्र बाबांचं ते येणं निराळंच आठवतं. त्यांनी पांढरा शर्ट घातलाय, माझ्यासाठी चालणारी बाहुली आणलीय आणि शेजारपाजारचे सगळे आमच्या खोलीत जमलेत. आई म्हणाली, ती वेगळी वेळ. थोड्या वेळाने म्हणाली, की असेल, तीच पण असेल. त्यानंतर आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या हातात नवं वाक्य ठेवलं. “दमायला झालं असेल. आत यायचं ना?” ताईंनी ते मनात वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता हेडफोन चढवला. वाक्य ओठांना थोडं लांब पडत होतं. पहिल्यांदा त्यांनी ते भराभर म्हटलं, मग सावकाश, मग अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच. सुपरवायझर झकास म्हणाला. त्यातलं कुठलं ठेवणार, ते मला कुणी सांगितलं नाही.

सिनेमा काही महिन्यांनी मोबाइलवर आला तेव्हा मी भांडुपलाच होते. आईला शेजारी बसवून लावला. काळ्या आभाळात यान नुसतं सरकत असतं, तिथे तिला झोप लागली. दाराचा प्रसंग आला तशी मी तिला हलवून उठवलं. ताईंचा अगदी हळू म्हटलेला आवाज ठेवला होता. आईने चष्मा सारखा करून शेवटपर्यंत पाहिलं.

“ओळखलं का गं तिने?” मी विचारलं.

“तिने ओळखलं,” आई म्हणाली. “त्याने तिला ओळखलं का, ते बघ.”

इतक्या वेळा पाहूनही मी त्या माणसाच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष बाईच्या ओठांवर. आता मागे घेऊन पुन्हा पाहिलं, पुन्हा थांबवून पाहिलं. तो तिच्या पांढऱ्या केसांकडे बघतो, तिच्या मागच्या खोलीकडे बघतो, आणि चुकीचं दार वाजवल्यावर माणूस जसा अवघडतो तसा तो मला वाटला. मग वाटलं, तसं नसेल, नुसता थकलेला असेल. बाबांच्या ‘बरं’चा अर्थ काय असेल, हे आईला आता तरी विचारावं म्हणून मी मान वळवली. ती खिडकीपाशी जाऊन वाळलेले कपडे ओढून घेत होती. माझ्या हातात तिने एक चादर दिली आणि दुसरं टोक धर म्हणाली.