सोड्यात उकळलेला नॅनो

आमच्या घरात आलेलं विज्ञान मी एका पातेल्यात उकळून संपवलं.

तो महिनाच उदास होता. मंदीमुळे कापडाचा कारखाना बंद, लूम झाकलेले आणि सुरतेतल्या भेस्तानच्या खोलीत मी दिवसभर भिंतीला टेकून बसलेलो. घरात खुशीत असं एकच माणूस होतं, आठवीतली आमची प्रगती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं नॅनो तंत्रज्ञान घेतलं होतं. पहिला नंबर आला तर गांधीनगरच्या प्रदर्शनात जायला मिळणार होतं, आणि सुरत ते धुळे या रस्त्यापलीकडचं जग पोरीनं अजून पाहिलं नव्हतं.

माझा चुलतभाऊ कापडाला फिनिशिंग देणाऱ्या मिलमध्ये आहे. त्याच्याकडून तिनं नॅनो थर दिलेला पांढरा तुकडा मिळवला. केसाचे हजारो उभे भाग करा, त्यातल्या एकाएवढे बारीक कण कापडावर बसवलेले असतात, असं तिनं मला समजावलं. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा त्या तुकड्यावर चहा ठरत नव्हता. असलं कापड पुढे दवाखान्यात, तंबूंना, शाळेच्या गणवेशालाही वापरतील म्हणे. मी मान डोलावली. (मान डोलावणं आणि समजणं यांतलं अंतर मोजायला नॅनोमीटर पुरत नाही.)

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ती तक्ते लावायला शाळेत गेली. कपाटावरचा तुकडा मी सहज हातात घेतला, अंगठ्यानं चोळला आणि माझ्यातला जुना लूमवाला जागा झाला. गुळगुळीत! कोऱ्या कापडात सुताला लावलेली खळ राहिली की हाताला अस्संच लागतं. आणि खळ न काढता कापड चार लोकांत नेणं म्हणजे अंघोळ न करता वरातीत जाणं. मी पातेलं चढवलं. पाणी, साबणाचा चुरा, धुण्याचा सोडा. चांगलं रटरटू दिलं, वरून ब्रश मारला, वाळवलं आणि घडी घालून, गादीखाली दाबून पुन्हा कपाटावर ठेवलं. कित्येक दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रगती झकास बोलली. मग तिनं प्रमुख पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर ते कापड अंथरलं. पाहुणे जरा मागे सरकले, तेव्हा एक थेंबही आत जाणार नाही, असा धीर दिला आणि ग्लासभर चहा ओतला.

चहा आत गेला. कापडातून बाहीत, बाहीतून घड्याळात. पाहुणे गुजराती आणि सज्जन. "चालशे बेटा, चालशे," म्हणत हात झटकत राहिले. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, हा थर तर पुष्कळ धुण्यांत टिकतो ना? प्रगतीनं कापडाचा वास घेतला. मग पालकांच्या रांगेत मला शोधलं.

"टिकतो, बाई," ती म्हणाली, "पण बनवणाऱ्यांना माझे पप्पा माहीत नाहीत."

सगळा हॉल हसला. ती हसली नाही. नंबर ज्वालामुखीवाल्या मुलाला गेला.

घरी बायको आमच्या अहिराणीत "हाई काय कयं तुम्ही?" एवढंच म्हणाली. प्रगती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. कारखाना बंद पडला तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं. मी जवळ बसून म्हटलं, "चुकलं माझं, बेटा." तिनं पाठमोरीच विचारलं,

"सोडा किती टाकला होता?"

"दोन मुठी."

"आणि उकळलं किती?"

"पाणी आटेपर्यंत."

ती उठून बसली.

पुढच्या वर्षीचा विषय ठरला आहे: नॅनो थर कशाकशानं निघतो. कारखाना अजून अर्धाच चालतो आणि गांधीनगरचं काय होईल ते देव जाणे. तक्ता मात्र आत्ताच भिंतीवर लागलाय. साहित्य: कापड, पातेलं, सोडा, वडील (एक नग).