मंगळवारची एक मूठ

पालघर तालुक्यात आजवर मातीला खोटं बोलायला शिकवणारा एकच माणूस निपजला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. एरवी काका इतके सरळ, की चुकून शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडला तर त्याच्या घरी जाऊन माफी मागून येतील.

त्यांची एकुलती एक मुलगी हैदराबादला मातीवर संशोधन करते. शेतातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू निघतो, तो हवा तापवतो. तो मोजणं हे तिचं काम. हाच वायू म्हणे दवाखान्यात दात काढताना हुंगवतात आणि माणूस हसत सुटतो. तिनं शिरगावच्या वाडीत, मिरचीच्या दोन ओळींमध्ये एक लोखंडी कडं रोवलं आणि वडिलांच्या हाती पांढरा डबा दिला. दर मंगळवारी सकाळी दहाला डबा कड्यावर पालथा घालायचा, अर्ध्या तासानं आतली हवा सुईनं ओढून बाटल्यांत भरायची. बाटल्या कुरिअरला टाकायचं काम माझं, कारण मी बोईसरला कारखान्यात असतो आणि जावयाला नाही म्हणता येत नाही.

काकांनी मंगळवारचा सणच केला. पहाटे आंघोळ, धुतलेला सदरा, लग्नातलं घड्याळ. डब्यापासून दहा हात चपला बंद, कोंबड्या टोपलीखाली. एकदा सातपाटीची मासेवाली बांधावर आली, तर हे हात पसरून धावले, "मावशे, श्वास रोखून धर! डब्यात जाईल!"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे की! पोरीला बोंबलाचा वास तरी येईल. तेवढीच घरची आठवण."

काका हसले नाहीत. त्या दिवशी बोंबीलही घेतले नाहीत.

कारण पोर येत नव्हती. काकू गेल्यापासून घरात ते एकटे, आणि मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तुमचे आकडे इतके छान येतात, की मला यायची गरजच पडत नाही." हे कौतुक त्यांनी आठ दिवस अख्ख्या शिरगावला ऐकवलं. नवव्या दिवशी गप्प झाले. दहाव्या दिवशी त्यांनी मुलीला विचारलं, हा वायू वाढतो कशानं? ती खूश! तिनं सगळं समजावलं: खत जास्त पडलं की वाढतो, माती ओलसर हवी, पार कोरडी नको, तुंबलेलीही नको, वर ऊन असलं तर विचारूच नका. तिच्या विद्येचा इतका मन लावून अभ्यास दुसऱ्या कोणी केला नसेल.

पुढच्या महिन्यात शिरगावच्या मातीनं असा काही वायू सोडला, की हैदराबादेत म्हणे यंत्र दोनदा पुसून पाहिलं. चौथ्या मंगळवारनंतर मुलगी स्वतः हजर. मीच तिला स्टेशनवरून आणलं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती वाडीत शिरली. सगळीकडे गवत बोटभर, आणि कड्याच्या आत वीतभर, काळंभोर हिरवं.

"बाबा, युरिया किती?"

"एकच मूठ."

"किती मंगळवार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिरच्या पाहू लागलो. गोणी माझ्याच मोटारसायकलवरून आली होती.

"सगळेच," ते म्हणाले. "नि वरून तांब्याभर पाणी. बेताचंच हां, तू सांगितलंस तसं."

ती मटकन बांधावर बसली. "हे सगळे आकडे फेकून द्यावे लागतील, बाबा. माझा अख्खा हंगाम गेला. बोलवायचं होतं तर फोन करायचा ना!"

"फोनवर काय सांगू? ये म्हटलं तर तू काम सोडून आली असतीस. मी म्हटलं, आपण कशाला? कामालाच बोलवू दे तुला."

ती कड्यावर वाकली आणि डोळे पुसत हसत सुटली. वायूनं हसली की बापानं, ते मला विचारू नका.

दोन दिवस राहिली, बोंबील खाल्ले, नवं कडं दुसऱ्या ओळीत रोवलं आणि गेली. जाण्यापूर्वी काकांनी तिच्यासमोर उरलेल्या युरियाच्या गोणीला सुतळीच्या सात गाठी मारून ती माळ्यावर टाकली.

आता माती पुन्हा खरं बोलते. आकडे छान येतात. परवा बाटल्या घ्यायला गेलो, तर काका ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसलेले. बाटल्या हातात देताना म्हणाले, "जावईबापू, येत्या मंगळवारी ऊन कसं असेल वो?"

मी सहज माळ्यावरच्या गोणीकडे पाहिलं. सुतळीला गाठी सहाच होत्या. मी पुन्हा मोजल्या नाहीत.