भिंत हवी की पाय

मी स्टुलावर उभी होते. तोंडात टाचण्या आणि हातात पडद्याची कड. पाठीमागे कोच ब्रॅनिगन म्हणाले, "मला यंदा पाय नकोत. भिंत हवीय."

पाय म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी. त्याला रनिंग बॅक म्हणतात. भिंत म्हणजे लाइनमन, पुढच्या रांगेतले धिप्पाड गडी. चेंडू फेकणारा एक असतो, क्वार्टरबॅक. समोरचे त्याच्यावर धावून येतात आणि हे लाइनमन त्यांना अंगावर घेतात. इथल्या, अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये लाथेचं काम थोडं आणि धडकेचं फार. मला एवढं कळायलाच दोन मोसम लागले.

मी त्या टीमच्या इक्विपमेंट रूममध्ये शिवणकाम करत होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझे दीर ॲन आर्बरला डॉक्टर. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मग या शहरात ह्यांना कारखान्यात काम लागलं आणि मला इथे. खेळाडूंच्या शर्टाला जर्सी म्हणतात. फाटलेल्या जर्सी सांधायच्या, पाठीवर नावं शिवायची, टीम सोडून गेलेल्याचं नाव उसवायचं, हे माझं काम. इंग्रजी वाचताना मी अडखळते, पण अक्षरं शिवताना अडखळत नाही. माझं आडनाव तिथे कुणाला म्हणता येईना, म्हणून सगळे मिसेस के म्हणत. मला ते बरंच होतं. एवढ्याशा नावाच्या बाईला कुणी फार बोलायला लावत नाही.

त्या दिवशी ड्राफ्ट होता. कॉलेजातून बाहेर पडलेली नवी मुलं टीमांनी वाटून घ्यायची, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे पोरं खेळाआधी भिडू निवडतात, तसंच. आळीपाळीनं एकेक उचलायचा. फरक एवढाच, की गेल्या मोसमात जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिची पाळी पहिली. आम्हीही बरेच वाईट खेळलो होतो, त्यामुळे आमची पाळी लवकर होती. पाळी आली की पंधरा मिनिटांत नाव ठरवायचं आणि फोनवरून न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीला कळवायचं.

त्यासाठी एक मोठी खोली होती आणि तिथे दोन मोठे फळे. एका फळ्यावर आमचेच खेळाडू, कोण कुठल्या जागी खेळतो त्याप्रमाणे लावलेले. जिथे माणूस कमी, तिथे फळा रिकामा दिसे. ही झाली गरज. दुसऱ्या फळ्यावर कॉलेजची मुलं, प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड, वरून खाली, सगळ्यात गुणी सगळ्यात वर. त्यात जागेचा विचार करायचा नाही. वर्षभर गावोगाव हिंडून मुलं पाहणारे लोक असतात, त्यांना स्काउट म्हणतात. त्यांनी हा क्रम लावलेला असे. टीमचे जनरल मॅनेजर मिस्टर डन यांचा एकच नियम होता. ड्राफ्टच्या दिवशी या दुसऱ्या फळ्यावरचं कार्ड कुणी हलवायचं नाही.

पेपरवाले आले की फळे झाकायला पडदा होता. तो दुकानातून शिवून आणलेला. त्याच्या कडेला मायाच ठेवली नव्हती. शिवणीत जास्तीचं कापड सोडतात ती माया. ती नसली की कापड जरा ओढलं तरी उसवतं. तसा तो सकाळीच उसवला आणि अर्लनी, म्हणजे इक्विपमेंट रूमच्या माझ्या साहेबांनी, मला पाठवलं. म्हणाले, पडदा काढायला वेळ नाही, जागेवरच शिवा, आणि आत जे दिसेल ते आतच ठेवा.

मी सुईदोरा घेऊन निघाले तर दारात कर्टिस उभा.

कर्टिस आमचा रनिंग बॅक. शांत माणूस. मोसम संपलेला असल्यामुळे त्या दिवशी त्याचं तिथे काही काम नव्हतं. खांद्याच्या पॅडचा पट्टा सैल झालाय असं सांगून आला होता. पट्टा चांगला होता. त्याची बायको डेनिस नर्स. त्याच्या टीमा बदलत गेल्या तशी तीही नोकऱ्या सोडत आली होती. इथे तिला मनासारखं हॉस्पिटल मिळालं होतं आणि मुलगी शाळेत रमली होती. कर्टिसचा करार त्याच वर्षी संपणार होता.

"मिसेस के, तुम्ही आत चाललात ना," तो म्हणाला. "त्यांनी पळणारा घेतला तर मला सामान बांधावं लागेल. परत आलात की नुसती मान हलवा. हो की नाही?"

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही.

तो हसला. "तुम्हाला सगळं येतं. बोलायचं नसतं तेव्हा येत नाही."

मी खाली बघून आत गेले. आणि खोटं कशाला लिहू, मनात म्हटलं, देवा, आज यांना भिंतच घेऊ दे.

आत सगळ्यांना वाटत होतं की वाद होणारच नाही. फळ्यावर अगदी वर एक रनिंग बॅक होता, पण आमच्या आधीची कुठलीतरी टीम त्याला उचलणार हे सगळे धरून चालले होते. मग आपण लाइनमन घ्यायचा, कोचही खूश. पण आधीच्या टीमांनी दुसरीच नावं घेतली. प्रत्येक नाव फोनवरून येई, कुणीतरी ते कार्ड काढून टाकी आणि तो पळणारा तसाच वर राहिलेला असे. आमची पाळी आली तेव्हाही तो तिथेच होता.

तेव्हा कोच ते पायांचं आणि भिंतीचं बोलले. गेल्या मोसमात आमचा क्वार्टरबॅक दर सामन्यात आडवा होत होता. दर सोमवारी त्याची जर्सी माझ्याकडे येई, खांद्यापाशी फाटलेली, पाठीवर गवताचे डाग. त्यामुळे कोच म्हणत होते ते मलाही पटत होतं. हॅल नावाचे म्हातारे स्काउट म्हणाले, असा पळणारा मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. कोच म्हणाले, पळणारा आहे आपल्याकडे, कर्टिस आहे. हॅल म्हणाले, कर्टिस चांगला आहे, हा वेगळा आहे. मला तो म्हातारा त्या क्षणी मुळीच आवडला नाही.

तेवढ्यात मिस्टर डनना मालकांचा फोन आला, म्हणून ते शेजारच्या खोलीत गेले. कोच उठले. त्यांना हवा असलेला लाइनमन फळ्यावर नववा होता. त्यांनी त्याचं कार्ड काढलं आणि पळणाऱ्याच्या लगेच खाली लावलं. हॅलनी चष्मा पुसला. मी टाका घालायची थांबले.

मिस्टर डन आत आले आणि फळ्याकडे बघत उभे राहिले.

"हा मुलगा काल रात्री नववा होता," ते म्हणाले. "झोपेत वाढला का?"

"मी हलवलं," कोच म्हणाले. "मला तो हवाय."

"माहीत आहे. हवाय म्हणूनच तो तुम्हाला उंच दिसतोय."

भुकेला कोंडा, निजेला धोंडा, असं आपल्याकडे म्हणतात. भूक लागली की कोंडाही गोड लागतो. मिस्टर डन तेच म्हणत होते. लाइनमन चांगला होता, पण नववाच होता.

कोच तापले. क्वार्टरबॅकचं काय होतं ते कुणालाही विचारा म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाईंना विचारा. दर सोमवारी याच शिवतात."

सगळ्यांनी वर पाहिलं. मी स्टुलावर आहे हे तोवर कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एरवीही मला बोलता आलं नसतं.

"त्यांना कशाला विचारायचं," मिस्टर डन म्हणाले. "मी पण सामने बघतो. लाइनमन दुसऱ्या फेरीत मिळेल. याच्याइतका नाही, पण मिळेल. असा पळणारा नाही मिळणार. आणि आजची गरज धरून चालू नका. ऑगस्टपर्यंत कुणाचा गुडघा जाईल सांगता येतं का?"

"ऑगस्टचं नाही, मी जानेवारीचं विचारतोय," कोच म्हणाले. "जानेवारीत मोसम संपल्यावर मी या खुर्चीत असेन का? ते सांगा."

मिस्टर डननी लाइनमनचं कार्ड उचलून पुन्हा नववं लावलं. मग फोनवरच्या माणसाला पळणाऱ्याचं नाव सांगितलं.

कोच खाली बसले. मला त्यांचा राग आला नाही. टीमला थांबायला वर्षं असतात. कोचांना ते एकच वर्ष होतं. त्यांच्या शिवणीत माया उरली नव्हती.

मी पडदा पुरा केला आणि खाली आले. कर्टिस अजून माझ्या मशीनपाशी बसून होता. त्यानं विचारलं नाही. रेडिओवर सांगायच्या आधी त्याला कळलं असणार, कारण मी त्याच्याकडे न बघता मशीनला दोरा ओवायला घेतला आणि तो ओवला जाईना. त्यानं माझ्या हातातून दोरा घेतला, ओवून दिला आणि म्हणाला, "डेनिसला फोन करतो."

दुसऱ्या दिवशी अर्लनी नव्या मुलाचं नाव कागदावर लिहून आणलं. लांबलचक होतं. मुलगा विमानानं येणार, जर्सी हातात धरून फोटो काढणार, म्हणून फार जपून शिवायला सांगितलं. मी ते फार जपून शिवलं. माझ्या मनात काय होतं ते जर्सीवर दिसायचं कारण नव्हतं.

उन्हाळ्यात सराव सुरू झाला. पळणारे जास्त, जागा कमी. कर्टिस त्या नव्या मुलाला बाजूला घेऊन काय काय दाखवायचा. आमच्या अर्लना ते बघवत नसे. म्हणायचे, हा आपलीच कबर खणतोय. कर्टिसला सांगितलं तर म्हणाला, मी नाही शिकवलं तरी तो माझ्यापेक्षा जोरात पळतो, मग निदान नीट तरी पळू दे.

मोसम सुरू व्हायच्या आत त्याला सोडलं. त्याचं नाव मी उसवलं. इथे जर्सीचा नंबर तोच राहतो, नाव बदलतं. डेनिसनं हॉस्पिटल सोडलं नाही, या वेळी मी इथेच राहणार म्हणाली. कर्टिस काही आठवडे घरी बसला. एकदा बाजारात भेटला, ढकलगाडीत दूध आणि मुलीसाठी खाऊ. विचारलं तर म्हणाला, फोनची वाट बघतोय.

आमचं काय झालं तेही लिहिते. दुसऱ्या फेरीत घेतलेला लाइनमन बेताचाच निघाला. पुढे भिंत नाही म्हटल्यावर नवा मुलगाही पहिल्या वर्षी फार पळू शकला नाही आणि क्वार्टरबॅकची जर्सी दर सोमवारी माझ्याकडे येतच राहिली. जानेवारीत कोच ब्रॅनिगनना काढलं. पुढच्या वर्षी चांगले लाइनमन मिळाले, तो मुलगा सुसाट सुटला आणि टीम जिंकायला लागली. पेपरात मिस्टर डनची वाहवा झाली. ते बरोबरच होते. कोच चूक होते असंही मला म्हणता येत नाही. त्यांना भिंत हवी होती आणि ती त्याच वर्षी हवी होती.

कर्टिसला सोडलं त्याच वर्षी शरद ऋतूत त्याला फोन आला. लांबच्या एका टीमच्या पळणाऱ्याचा गुडघा गेला होता आणि त्यांना कुणीतरी ताबडतोब हवा होता. अगदी गुणी नको, तयार हवा. पुढच्या रविवारी आमचे हे आणि आमची मुलगी टीव्ही बघत होते. मी आत पोळ्या लाटत होते. मुलगी ओरडली, "आई, कम, दॅट्स कर्टिस."

मी लाटणं घेऊनच बाहेर आले. तो पाठमोरा होता. नाव वाकडं शिवलेलं. टाके लांब लांब, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं, खालची कड नुसती कच्च्या धाग्यानं धरलेली. दोन दिवसांपूर्वी बोलावला असेल आणि कुणीतरी सामन्याच्या सकाळी शिवलं असेल.

हे म्हणाले, "अगं, पाठ काय बघतेस त्याची? चेंडू त्याच्याकडे आहे."

मी म्हटलं, बघतेय. गरजेपोटी बोलावलेल्या माणसाचं नाव असंच शिवतात. चेंडू मात्र त्याला लगेच देतात.